शिंदीचं मडकं ते झिओलाइट

पाथरी, सोनपेठ, गंगाखेड या पट्ट्यात ओढ्याकाठी शिंदीची झाडं असत. माझे आजोबा पाथरी तालुक्यातल्या एका खेड्यात शेती करायचे. शिंदी काढणारी माणसं कसं काम करत, हे त्यांनी मला बारकाव्यांसह सांगितलं होतं. पुढे परभणीत मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवू लागलो, तेव्हा उत्प्रेरकांचा धडा मी त्याच वर्णनापासून सुरू करत असे. हिवाळ्यात झाडाच्या शेंड्याखालची साल सोलून खाच पाडायची, संध्याकाळी खाचेखाली मडकं बांधायचं आणि पहाटे उतरवायचं. मडक्याला आतून चुना फासलेला असेल तर पहाटे गोड नीरा हाती येते. चुना नसेल तर रस रातोरात फसफसायला लागतो आणि ऊन चढेपर्यंत त्याची शिंदी होते. तीच आणखी काही दिवस उघडी राहिली, तर आंबट ढाण होऊन तिचा सिरका होतो.

झाड एक, रस एक, मडकंही एकच, आणि पदार्थ मात्र तीन. हवेतून आणि सालीवरून आलेले यीस्ट व जिवाणू आधी साखरेचा अल्कोहोल करतात. मग हवेच्या साथीनं दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात. एकाच भांड्यात दोन कामकरी गट एकामागून एक कामाला लागतात. शिंदीवाल्याचं सगळं कसब त्यांना कुठे थांबवायचं यात होतं. चुन्यानं रस अल्कधर्मी राहतो, म्हणून पहिला गट सुरूच होत नाही. मडक्याचं तोंड आणि वेळ सांभाळली की दुसऱ्या गटाला आवर बसतो. आज जगभरातल्या रसायनशाळा ज्या प्रश्नामागे लागल्या आहेत, तो हाच आहे: अनेक उत्प्रेरक एकत्र आणायचे, प्रत्येकाला हवं तेव्हा चालू आणि हवं तेव्हा बंद करायचं, आणि त्यातून नवे रेणू, नवे पदार्थ घडवायचे. या प्रश्नाचा इतिहास आमच्या जिल्ह्याच्या मातीतून सांगता येतो, आणि तो सांगायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

शिंदीची झाडं आता फारशी दिसत नाहीत. त्यामागे राजकारण आहे. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि अबकारी हा दरबाराच्या तिजोरीचा मोठा आधार होता. शिंदीच्या प्रत्येक मडक्यामागे सरकारचा वाटा असे. १९४७-४८ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसनं लढा उभारला. जंगल सत्याग्रह झाला, लेव्हीच्या धान्याला विरोध झाला, आणि गावोगावी शिंदीच्या झाडांवर कुऱ्हाडी चालल्या. निजामाचं उत्पन्न तोडायचं तर ते जिथे उगवतं तिथेच तोडायचं, असा तो सरळ हिशेब होता. आजोबाही त्या तोडीत होते. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. तो लढा न्याय्य होता आणि ती झाडं तोडणंही बरोबरच होतं. पण झाडांबरोबर एका कारागिरीचं ज्ञानही गेलं. कुठल्या महिन्यात किती चुना, थंडीत रस किती वेळ गोड राहतो, हे ज्यांच्या हाताला माहीत होतं त्यांचं ज्ञान कुणी लिहून ठेवलं नाही.

युरोपात मात्र हेच प्रश्न कागदावर उतरत होते. स्वीडनच्या बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये उत्प्रेरणाची संकल्पना मांडली: काही पदार्थ स्वतः खर्ची न पडता दुसऱ्यांमधली अभिक्रिया घडवून आणतात. पण फसफसणं हे जिवंत पेशीचंच काम आहे, असं पुढे कित्येक वर्षं मानलं जात होतं. १८९७ मध्ये जर्मनीत एदुआर्द बुखनर यांनी यीस्ट वाळूत घोटून, पिळून तिचा रस काढला. तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तर पेशी नसलेल्या त्या रसातून बुडबुडे येऊ लागले. १९०७ चं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. पेशीच्या आत जे काम करतात ते रेणू असतात, म्हणजेच एंझाइम, हे तेव्हा उघड झालं.

पुढच्या काही दशकांत या रेणूंची साखळी उलगडली. ग्लुकोजच्या एका रेणूपासून अल्कोहोल व्हायला यीस्टच्या पोटात बारा एंझाइम लागतात. पहिल्या दहांनी साखरेचे तुकडे करून पायरुव्हेट बनवायचं, अकराव्यानं त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडवायचा आणि बाराव्यानं अल्कोहोल तयार करायचा. या बाराव्याच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो. विहिरीवर आग विझवायला माणसांनी रांग लावावी आणि बादली हातोहात पुढे जावी, तसा रेणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो. रांगेतला तिसरा एंझाइम पेशीतल्या ऊर्जेचा साठा पाहून वेग बदलतो. साठा भरला की तो मंदावतो आणि त्यामुळे सगळी रांग मंदावते. अनेक उत्प्रेरक एकत्र, आणि त्यांचं नियंत्रणही त्या रांगेतच. माणसानं पुढे जे जे केलं, त्याचं मूळ उदाहरण हेच आहे.

आमच्या भागात या साखळीला मोठं काम मिळालं ते पाण्यामुळे. साठच्या दशकात जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण उभं राहिलं. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पैठणला जायकवाडीची पायाभरणी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी तो प्रकल्प देशाला अर्पण केला. त्याचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात आला. ज्वारी आणि कापसाच्या रानात ऊस उभा राहिला. वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखाना झाला, तेव्हा वसमत परभणी जिल्ह्यातच होतं. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला. या सगळ्याआधी, संस्थानी काळात, आमच्या बाजूचा मोठा साखर कारखाना म्हणजे १९३७ ची बोधनची निजाम शुगर फॅक्टरी.

साखर कारखान्यात दाणेदार साखर काढून झाल्यावर मळी उरते. काळी, दाट, सहज न ओघळणारी. तिच्या वजनात जवळपास निम्मी साखर असते, पण तिचे स्फटिक होत नाहीत. एक टन मळीपासून साधारण सव्वादोनशे ते अडीचशे लिटर अल्कोहोल निघतो. आसवनीत मळी पाण्यानं पातळ करतात, गंधकाम्ल घालून आंबटपणा बसवतात, यीस्टच्या खाण्यासाठी युरिया आणि फॉस्फेट देतात आणि तापमान तिशी-बत्तिशीच्या पुढे जाऊ नये म्हणून थंड पाणी फिरवतात. शिंदीवाल्याच्या चुन्याच्या जागी इथे आम्ल आलं, हिवाळ्याच्या जागी थंड पाण्याची नळी आली. तत्त्व तेच राहिलं.

स्वातंत्र्यानंतरच्या देशात खनिज तेल कमी आणि मळी भरपूर होती. त्यामुळे इथिलीनसारखा पेट्रोरसायनांचा कच्चा माल इथे अल्कोहोलपासून बनवला जाऊ लागला. महाराष्ट्रात तर साखर कारखान्यांच्या आवारात ॲसिटिक आम्ल आणि इथाइल ॲसिटेट बनवणारे कारखाने उभे राहिले. कोपरगावजवळ साकरवाडीला सोमय्यांनी उभारलेला उद्योग हे त्याचं मोठं उदाहरण. मडक्यातला जो सिरका शिंदीवाला टाकून देई, त्यातलंच ॲसिटिक आम्ल इथे टँकरनं विकलं जाऊ लागलं.

या गोष्टीतला सर्वात मोलाचा अध्याय पुण्यात घडला. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन ३ जानेवारी १९५० ला पंडित नेहरूंनी केलं. आम्ही तिला एनसीएल म्हणतो. मराठवाड्यातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या आमच्या पिढीला तिथं जाणं म्हणजे पंढरीला जाणंच वाटे. ऐंशीच्या दशकात, एल. के. दोराईस्वामी संचालक असताना, पॉल रत्नसामी आणि त्यांचे सहकारी तिथे झिओलाइटवर काम करत होते. झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा स्फटिक, आतून भोकाभोकांचा. अमेरिकेतल्या मोबिल कंपनीनं १९७२ मध्ये पेटंट घेतलेल्या झेडएसएम-५ या झिओलाइटची भोकं साडेपाच अँगस्ट्रॉमच्या आसपास असतात, म्हणजे जवळपास बेंझिनच्या रेणूएवढी. या भोकांच्या भिंतींवर आम्लाची ठाणी असतात. जो रेणू आत मावतो त्याचीच अभिक्रिया होते, जो मावत नाही तो बाहेर राहतो.

एनसीएलनं देशी झिओलाइट तयार केले आणि त्यांच्या जोरावर आयपीसीएल या पेट्रोरसायन कंपनीच्या वडोदऱ्याच्या कारखान्यात १९८५ मध्ये झायलोफायनिंग ही प्रक्रिया सुरू झाली. पॉलिएस्टरला लागणारं पॅराझायलिन मिळवण्याची ती वाट होती. दुसरी प्रक्रिया होती अल्बीन, आणि ती मला आमच्या मळीच्या सर्वात जवळची वाटते. पॉलिस्टायरिन या प्लास्टिकसाठी इथाइलबेंझिन लागतं. जुन्या पद्धतीत अल्कोहोलपासून एका उत्प्रेरकावर इथिलीन करायचं, ते वेगळं काढायचं, शुद्ध करायचं आणि मग ॲल्युमिनियम क्लोराइडच्या मदतीनं बेंझिनला जोडायचं. ॲल्युमिनियम क्लोराइड लोखंड खातो आणि शेवटी आम्लयुक्त गाळ मागे ठेवतो. अल्बीनमध्ये अल्कोहोल आणि बेंझिनची वाफ काहीशे अंशांवर थेट झिओलाइटवरून सोडली. त्याच्या भोकांतली ठाणी अल्कोहोलमधलं पाणी काढायचं कामही करतात आणि उरलेला तुकडा बेंझिनला जोडायचं कामही करतात. दोन उत्प्रेरकांची कामं एका स्फटिकात एकत्र आली. बाहेर पडतं ते इथाइलबेंझिन आणि पाणी. १९८९ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान पॉलिमर्सच्या कारखान्यात ही प्रक्रिया सुरू झाली.

त्यापुढे इथाइलबेंझिन सहाशे अंशांच्या आसपास लोह ऑक्साइडवरून वाफेबरोबर नेलं की स्टायरिन मिळतं, आणि स्टायरिनचे रेणू एकमेकांना जोडले की पॉलिस्टायरिन. म्हणजे उसाच्या मळीपासून प्लास्टिकपर्यंत जाताना यीस्टची बारा एंझाइम, एक झिओलाइट आणि लोह ऑक्साइड, निदान इतक्या उत्प्रेरकांनी हात लावलेला असतो. पण यांना एका भांड्यात बसवता येत नाही. जिथे यीस्ट जगते तिथे झिओलाइट काम करत नाही, आणि जिथे झिओलाइट काम करतो तिथे यीस्ट क्षणभरही टिकत नाही. म्हणून प्रत्येक पायरीला वेगळा कारखाना, वेगळी भट्टी, वेगळं शुद्धीकरण. रसायन उद्योगातली बरीचशी ऊर्जा, पैसा आणि प्रदूषण हे या पायऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत असतं. ही जागा कमी करणं हे माझ्या मते या शतकातलं रसायनशास्त्राचं मुख्य काम आहे.

हिंदुस्थान पॉलिमर्सचा तोच कारखाना १९९७ मध्ये कोरियाच्या एलजी कंपनीकडे गेला, आणि ७ मे २०२० च्या पहाटे तिथल्या साठवण टाकीतून स्टायरिनची वाफ वस्तीत पसरली. टाळेबंदीत कारखाना बंद होता. टाकीतलं स्टायरिन तापलं, आपोआप एकमेकांना जोडलं जाऊ लागलं, त्यातून आणखी उष्णता निघाली. ते जोडलं जाऊ नये म्हणून घालतात तो रोधक पुरेसा नव्हता. दहाहून जास्त माणसं गेली, शेकडो आजारी पडली. ते वाचून मला किती तरी दिवस अस्वस्थ वाटत होतं. मुलांना आपण अभिक्रिया कशी सुरू करायची हे वर्षभर शिकवतो. ती कशी थांबवायची, हेही तेवढ्याच कळकळीनं शिकवायला हवं. मडक्याला चुना फासणारा माणूस ती जबाबदारी रोज संध्याकाळी पाळत होता.

गेल्या वीस वर्षांत जगानं या बाबतीत मोठी मजल मारली आहे. २००६ मध्ये अमेरिकेच्या डाऊ कंपनीच्या संशोधकांनी एकाच भांड्यात दोन उत्प्रेरक ठेवले, एक झिर्कोनियमचा आणि एक हाफ्नियमचा. पहिला इथिलीनची कडक साखळी विणतो, दुसरा ऑक्टिन मिसळून मऊ साखळी विणतो. त्यांच्यात डायइथाइल झिंक घातलं. ते वाढती साखळी एका उत्प्रेरकाकडून उचलून दुसऱ्याकडे देतं. त्यामुळे एकाच धाग्यात कडक आणि मऊ तुकडे आलटून पालटून येतात. उष्णता सोसणारं आणि तरीही रबरासारखं ताणलं जाणारं प्लास्टिक त्यातून मिळालं. या दोघांपैकी एकट्याला ते कधीच जमलं नसतं. २०१४ मध्ये डेव्हिड मॅकमिलन, अबिगेल डॉयल आणि गॅरी मोलँडर यांच्या गटांनी प्रकाशानं जागा होणारा उत्प्रेरक आणि निकेल यांना एकत्र कामाला लावलं. दिवा लावला की जोडणी सुरू, विझवला की बंद. २०१९ मध्ये मर्क कंपनीनं इस्लाट्राव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध नऊ एंझाइमांच्या साखळीनं बनवलं. त्यांतली पाच एंझाइम प्रयोगशाळेत बदलून घडवलेली होती. मधले पदार्थ वेगळे न काढता, पाण्यातच हे सारं झालं. आधीच्या पद्धतींना बारा ते अठरा पायऱ्या लागत. यीस्टच्या पोटातली रांग माणसानं स्वतःच्या हातानं रचायला सुरुवात केली, ती इथे.

या कामाला मराठवाडा परका नाही. आमच्याकडे महाग उपकरणं नव्हती, म्हणून आमच्या संशोधकांनी स्वस्त आणि निरुपद्रवी उत्प्रेरक शोधले. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात प्रा. मुरलीधर शिंगारे यांच्या गटानं तुरटी उत्प्रेरक म्हणून वापरली आणि ध्वनिलहरींची जोड देऊन इंडोलचे रेणू जोडले. त्याच विभागात बेकरीत वापरायच्या यीस्टच्या मदतीनं बेंझोथायाझोल बनवण्याचं काम २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. यीस्ट म्हणजे अल्कोहोल ही सवय मोडणारं ते काम होतं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयसीटीमध्ये, कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या गणपती यादवांनी यूडीकॅट ही घन आम्ल उत्प्रेरकांची मालिका घडवली. त्याच संस्थेची मराठवाडा शाखा २०१८ पासून शेजारच्या जालन्यात आहे.

आणि परभणी? इथे १९१८ मध्ये निजाम सरकारनं प्रायोगिक शेत सुरू केलं, गावरानी कापसावर संशोधन झालं. १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय आलं, १८ मे १९७२ ला कृषी विद्यापीठ स्थापन झालं. याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून शेतकरी आज बायोमिक्स घेऊन जातात. उपयुक्त बुरशी आणि जिवाणूंचं ते मिश्रण आहे. त्यातल्या ट्रायकोडर्मा या बुरशीचं नाव इथल्या हळद आणि हरभरा पिकवणाऱ्याच्या तोंडी असतं. याच ट्रायकोडर्माचा एक भाऊबंद दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याच्या सुती तंबूंना कुजवताना सापडला. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि ही बुरशी तो तीन प्रकारच्या एंझाइमांनी खाते. एक धागा मधून तोडतं, दुसरं टोकाकडून सोलत येतं, तिसरं उरलेल्या जोड्या फोडून ग्लुकोज करतं. तिघं मिळून जेवढं काम करतात, ते प्रत्येकाच्या कामाच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त असतं.

इथेच आमच्या जिल्ह्याचा प्रश्न उभा राहतो. वेचणी संपली की पऱ्हाटी बांधावर पेटते, तोडणी झाली की उसाचं पाचट पेटतं. दोन्हींत सेल्युलोज आहे. त्याची साखर आणि साखरेचा अल्कोहोल करायचा, तर बुरशीची तीन एंझाइम आणि यीस्टची बारा एका ठिकाणी आणावी लागतात. पण बुरशीच्या एंझाइमांना पन्नास अंशांची ऊब लागते आणि यीस्टला तिशी-बत्तिशी. शिवाय ग्लुकोज साचलं की पहिली तिघं मंदावतात, म्हणून ते साचायच्या आत यीस्टनं उचललं पाहिजे. दोन गटांना एकत्रही ठेवायचं आणि आपापल्या जागीही ठेवायचं, हा पेच आहे. मुंबईत आयसीटीमध्ये २००८ मध्ये जैव ऊर्जा केंद्र सुरू झालं आणि तिथल्या तंत्रानं उत्तराखंडातल्या काशीपूरला २०१६ मध्ये रोज दहा टन काडीकचरा पचवणारा प्रायोगिक कारखाना उभा राहिला. ते तंत्र मुंबईत घडलं आणि काशीपूरला उभं राहिलं. पऱ्हाटी मात्र आमच्या बांधावर जळते.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. कृषी विद्यापीठाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, जालन्याचे रसायन अभियंते आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे रसायनशास्त्र विभाग यांनी मिळून परभणीत एक प्रयोगशाळा उभारावी. तिचा विषय एकच असावा: पऱ्हाटी, पाचट आणि मळी यांवर अनेक उत्प्रेरकांना एका शिस्तीत काम करायला लावणं. यीस्ट इथे आहे, ट्रायकोडर्मा इथे आहे, तुरटीवर काम केलेले हात मराठवाड्यात आहेत, आणि बी.एस्सी. झालेली मुलं नोकरीसाठी पुण्याच्या गाडीत बसत आहेत. मळी, कापूस आणि माणसं बाहेर पाठवायची आणि प्लास्टिक, औषधं आणि कापड विकत आणायचं, हा व्यवहार आम्ही पिढ्यान्‌पिढ्या केला. उत्प्रेरकांचं शास्त्र सांगतं की निरनिराळ्या क्षमतांचे गट योग्य क्रमानं एकत्र आले, तर एकेकट्याला अशक्य असलेलं घडतं. ते आधी या जिल्ह्यातल्या संस्थांनी एकमेकींच्या बाबतीत खरं करून दाखवावं.